सांधा कोणत्या बाजूला?

चोपड्याच्या शाळेत इंग्रजीचं व्याकरण शिकवायचं म्हणजे एका वर्गात किती भाषा बसल्या आहेत, ते आधी ओळखावं लागतं. गावातल्या एखाद्या पोराच्या घरी अहिराणी असते, शेजारच्याच्या घरी गुजरी. यावल-रावेरकडून आलेल्याच्या तोंडी लेवा बोली आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून येणाऱ्याच्या घरी पावरी. पुस्तकी मराठी यातल्या बहुतेकांनी शाळेत येऊन उचललेली असते आणि तिच्यावर इंग्रजीचा थर चढतो. अशा वर्गात प्रधान वाक्य आणि गौण वाक्य, म्हणजे इंग्रजीच्या तासाला ज्यांना इंडिपेंडंट क्लॉज आणि डिपेंडंट क्लॉज म्हणतात, ते कसं शिकवावं यावर शिक्षकांची दोन मतं पडतात. एक मत म्हणतं, आधी मराठीचं व्याकरण पक्कं करा, इंग्रजी आपोआप बसेल. दुसरं म्हणतं, मराठीला मध्ये येऊच देऊ नका, सगळा घोटाळा तीच करते.

मला हा वाद जिव्हाळ्याचा वाटतो. शब्द पाठ आहेत, काळ पाठ आहेत आणि तरीही वाक्य मोडतं, अशी मुलं फार आहेत, आणि त्यांचं वाक्य बहुतेकदा दोन वाक्यांच्या सांध्यातच मोडतं. म्हणून ही दोन मतं इथे समोरासमोर बसवली आहेत. बोलणारे दोघे कल्पित आहेत: एक निवृत्त सर, आणि दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, जी आता सातपुड्याच्या बाजूच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. वहीतल्या चुका मात्र इंग्रजी शिकवणाऱ्या कोणालाही ओळखीच्या वाटतील.

सर : आधी वही दाखव बेटा. मतं नंतर.

ताई : ही घ्या. आठवीची आहे. चार वाक्यं स्वतःच्या मनाने लिहा म्हटलं होतं. भाषांतर दिलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवा सर. मराठीतला एक शब्दही फळ्यावर नव्हता.

सर : 'रेन कम्स देन वुई विल सो.' म्हणजे पाऊस आला तर पेरू. इफ कुठे गेला?

ताई : तेच विचारायला आले आहे. इफ शिकवून झाला, तक्ता भिंतीवर लावलाय, गोष्टीतून दहा वेळा वाचून झाला. तरी लिहायला बसले की इफ गळतो. देन मात्र कोणीच विसरत नाही. मी देन कधी शिकवलासुद्धा नव्हता! आणि खालचं वाक्य बघा. 'ही इज पूअर बट स्टिल ही इज ऑनेस्ट.' हे तसं चालून जाईल. पण ऑल्दो वापरून लिही म्हटलं, तर तोच मुलगा लिहितो, 'ऑल्दो ही इज पूअर, बट ही इज ऑनेस्ट.' ऑल्दो घातला तरी बट सोडवत नाही त्याला.

सर : तू मराठीला वर्गाबाहेर ठेवलंस म्हणतेस, पण ती तर पोरांच्या आधीच आत येऊन बसली होती. ही सगळी वाक्यं मराठीतच आहेत, फक्त शब्द इंग्रजी आहेत. म्हणून मी म्हणतो, तिला उघड बोलवावं आणि तिच्याशी हिशेब करावा. आम्ही तसंच शिकलो. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हातात असायची. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. पुढे रेन आणि मार्टिन. वाक्य पृथक्करण करायचो, कोष्टक आखून: प्रधान वाक्य कोणतं, गौण कोणतं, गौण असेल तर नामवाक्य, विशेषणवाक्य की क्रियाविशेषणवाक्य, आणि ते कोणत्या शब्दाला धरून आहे. एकदा कोष्टक जमलं की वाक्य कितीही लांब असो, भीती वाटायची नाही.

ताई : तुमचं इंग्रजी पाचवीला सुरू झालं, सर. तोवर तुम्हाला मराठीतलं नाम-सर्वनाम, कर्ता-कर्म येत होतं, त्याच्याशी ताडून बघता आलं. आता 2000 सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे. सहा वर्षांच्या लेकराला मराठीतलंच गौण वाक्य ठाऊक नाही, तर इंग्रजीतलं त्याच्याशी ताडून काय बघणार? आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची मराठी हीच दुसरी भाषा आहे. घरी पावरी बोलतात. तुम्ही म्हणता मराठीतून समजवा. म्हणजे एका परक्या भाषेच्या खांद्यावर दुसरी चढवायची. त्यात तुमची ती कोष्टकं! मला आठवतं ना, कोष्टक बिनचूक भरणारी आम्ही मुलं बोलायला उभं केलं की गप्प व्हायचो.

सर : गप्प व्हायचात, कारण बोलायची सवय नव्हती. त्यात कोष्टकाचा काय दोष?

ताई : दोष नसेल, पण उपयोगही दिसला नाही. मूल जेवढी वाक्यं ऐकेल, वाचेल, तेवढं शिकेल. नावं पाठ करून कोणी भाषा शिकत नाही.

सर : बरं, नावं बाजूला ठेव. तू म्हणालीस ना, इफ गळतो आणि देन गळत नाही? तिथेच थांब. आपण मराठीत काय करतो ते बघ. 'जर पाऊस पडला तर पेरणी करू.' यातला जर काढून टाक.

ताई : पाऊस पडला तर पेरणी करू.

सर : काही बिघडलं?

ताई : नाही. उलट असंच बोलतो आपण. जर घातला की पुस्तकी वाटतं.

सर : आता जर ठेव आणि तर काढ.

ताई : जर पाऊस पडला, पेरणी करू. हे लंगडं वाटतं. काहीतरी राहिल्यासारखं.

सर : जरी-तरी घे. 'तो गरीब आहे तरी प्रामाणिक आहे.' जरी गेला, कोणाला कळलंही नाही. तरी काढून बघ, वाक्य कोसळतं. जेव्हा-तेव्हा घे. 'मी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.' जेव्हा कुठेय? जो-तो घे. 'काल आला तो मुलगा माझा भाचा.' 'तू म्हणालीस ते खरं.' ज चा शब्द प्रत्येक ठिकाणी गेला, त चा शब्द प्रत्येक ठिकाणी राहिला.

ताई : म्हणजे मराठीत सांधा त च्या शब्दात आहे.

सर : आणि त चा शब्द कोणाचा? प्रधान वाक्याचा. गौण वाक्याच्या कपाळावर खूण नसली तरी आपलं भागतं, कारण पुढून प्रधान वाक्य 'तर', 'तेव्हा', 'तरी', 'तो' म्हणत त्याला हाताशी धरतं. इंग्रजीने नेमकं उलट केलंय. तिथे खूण गौण वाक्याच्या कपाळावर: इफ, व्हेन, ऑल्दो, हू. प्रधान वाक्य मोकळं. देन घाला न घाला, चालतं. इफ मात्र सोडता येत नाही. तुझा पोरगा इफ विसरला असं तू म्हणतेस. मी म्हणतो, त्याने सवयीने जर गाळला आणि सवयीने तर ठेवला. तो त्याच्या भाषेच्या नियमाला धरूनच चालला आहे.

ताई : आणि ऑल्दोबरोबरचा बट?

सर : तो त्याचा तरी आहे. तरी सोडायचा नाही, हे त्याच्या अंगात मुरलंय. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत दो आणि येट जोडीने येतात, 'दो ही इज पूअर, येट ही इज ऑनेस्ट', ते आपल्याला जवळचं वाटायचं ते याचमुळे. येट चालतो, बट चालत नाही. बट दोन समान वाक्यांना जोडतो. ऑल्दोने एकाला आधीच गौण करून ठेवलंय, मग समान कोण उरलं?

ताई : अहिराणीतसुद्धा असंच आहे, नाही का? 'पानी पडनं ते पेरनी व्हई.' इथे जर नाहीच. ते आहे.

सर : 'काल उना तो पोऱ्या.' जो नाही, तो आहे. बघ, पुस्तकात शोधायची गरजच नव्हती, घरातच होतं.

इथे मला मध्ये बोलायचं आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 साली आलं. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली. पुढच्या शालेय व्याकरणांनी जर-तर, जरी-तरी यांना 'संकेतबोधक' म्हणून यादीत बसवलं आणि जोडी म्हणूनच शिकवलं. मूल जोडी पाठ करतं, परीक्षेत जोडी लिहितं, आणि जोडीतला एक जण बोलताना रोज गैरहजर असतो, हे त्याला कोणी दाखवत नाही. दुसऱ्या बाजूला रेन आणि मार्टिन यांचं पुस्तक 1930 च्या दशकातलं. पिढ्यान्‌पिढ्या भारतीय मुलांनी ते वापरलं, पण शिकणाऱ्याच्या तोंडात आधीपासून कोणतं वाक्य आहे, याचा विचार त्यात नाही. मराठीचं पुस्तक मराठीपुरतं बोललं, इंग्रजीचं इंग्रजीपुरतं. या दोहोंच्या मधली जागा वर्गातल्या शिक्षकालाच भरावी लागते आणि मला वाटतं, इंग्रजी शिकवण्याचं खरं कसब तिथे आहे.

ताई पटकन पटवून घेणाऱ्यांतली नाही.

ताई : सर, पण तुमचा नियम जरा जास्तच गुळगुळीत आहे. इंग्रजीसुद्धा खूण गाळते. 'द बुक आय बॉट इज लॉस्ट.' यात विच नाही, दॅट नाही. 'ही सेड ही वॉज टायर्ड.' इथेही दॅट नाही. मग गौण वाक्याच्या कपाळावरची खूण कुठे गेली?

सर : बरोबर पकडलंस. पण बघ, ती कधी गाळते? 'द बुक आय बॉट' यात पुस्तक हे बॉटचं कर्म आहे. कर्त्याच्या जागी असेल तर गाळता येतं का? 'द बॉय केम यस्टरडे इज माय नेफ्यू' असं म्हणून बघ.

ताई : नाही चालत. ऐकणारा केमपाशीच वाक्य संपलं असं समजेल आणि पुढचा इज आला की गोंधळेल. तिथे हू पाहिजेच.

सर : आणि मराठीत 'काल आला तो मुलगा' बिनधास्त चालतं. म्हणून पोरं 'द बॉय केम यस्टरडे इज माय नेफ्यू' लिहितात. इंग्रजी खूण गाळते, पण वाट चुकणार नाही अशाच ठिकाणी. इफ, व्हेन, ऑल्दो गाळायची मुभा तिने ठेवलेली नाही. 'हॅड आय नोन' सारखी जागा आहे, पण तिथे क्रियापद उचलून पुढे आणावं लागतं. म्हणजे तीही खूणच झाली.

ताई : मग आपल्या 'की'चं काय? 'तो म्हणाला की मी येतो.' इथे सांधा गौण वाक्याच्या तोंडाशीच आहे. त चा शब्द नाही.

सर : आता तूच सांग, तुझी पोरं 'ही सेड दॅट' मधला दॅट विसरतात का?

ताई : नाही. नको तिथेही घालतात. 'ही आस्क्ड दॅट व्हेअर आर यू गोइंग' असं लिहितात, पण विसरत नाहीत.

सर : कारण तिथे दोन्ही भाषांचा सांधा एकाच जागी आहे. नको तिथे घालतात, कारण मराठीत 'त्याने विचारलं की तू कुठे चाललास' असा की लागतो. चूक कुठे होईल आणि कुठे होणार नाही, हे दोन्ही आधीच सांगता येतंय. मराठी शिक्षकाला हे ठाऊक असलंच पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

ताई : शिक्षकाला. मुलाला नाही.

सर : यावर नंतर भांडू.

ताई : मग बिकॉजचं सांगा. पुष्कळ वर्गांत सांगतात की बिकॉजने वाक्य सुरू करायचं नाही. इंग्रजी पुस्तकं उघडली तर पानोपानी 'बिकॉज इट वॉज लेट, वुई वेन्ट होम' सापडतं. हा नियम आला कुठून?

सर : चुकीच्या इलाजातून आला असावा. पोराला विचारलं, शाळेत का नाही आलास? तो लिहितो, 'बिकॉज आय वॉज इल.' आणि पूर्णविराम. गौण वाक्य एकटंच उभं. बोलण्यात चालतं, लिहिण्यात अपुरं. ते थांबवायला शिक्षकाने सरसकट बंदी घातली.

ताई : पण पोरं एकटं उभं का करतात? इफने सुरू झालेलं वाक्य एकटं सोडत नाहीत.

सर : कारणकडे बघ. 'तो आला नाही. कारण त्याला ताप होता.' मराठीत कारणच्या आधी बिनदिक्कत पूर्णविराम देतो आपण, वर्तमानपत्रातसुद्धा. आता उलटं करून बघ: 'कारण त्याला ताप होता, तो आला नाही.'

ताई : असं कोणी बोलत नाही. 'ताप होता म्हणून आला नाही' म्हणू.

सर : परत सांधा मध्ये आला, आणि तोही गौण वाक्य संपल्यावर. आपला कारण पुढे येत नाही, मागून येतो, आणि मागून येताना स्वतंत्र वाक्यासारखा येतो. व्याकरणकार त्याला गौणत्वसूचकात धरतात, पण वागणूक बरीचशी आणि-पणसारखी आहे. बिकॉज मात्र पक्का गौण. पुढे येऊ शकतो, मागे येऊ शकतो, एकटा राहू शकत नाही. पोराला बिकॉज म्हणजे कारण असं पाठ करून दिलंस की तो कारणसारखाच वापरणार.

ताई : म्हणूनच मी म्हणते, शब्दाला शब्द देऊच नका! बिकॉज म्हणजे कारण असं सांगितलं नसतं, वाक्यातूनच येऊ दिला असता, तर ही चूक झाली नसती.

सर : झाली असती. तू इफ म्हणजे जर असं कुठे सांगितलं होतंस?

हा टोला वर्मी बसला, तरी ताईचा मुद्दा पुरता खोडला जात नाही असं मला वाटतं. शब्दाला शब्द देण्याने चूक पैदा होत नसली तरी ती घट्ट होते. पुढच्या चुकीत हे आणखी स्पष्ट दिसतं.

ताई : ही बघा, माझ्या मते सगळ्यात धोक्याची. 'वेट हिअर अनटिल आय डोन्ट कम.'

सर : मी येत नाही तोपर्यंत इथे थांब.

ताई : मराठीत 'नाही' हवाच. 'मी येतो तोपर्यंत थांब' याचा अर्थ थोडा वेगळा होतो, आलोच असा. इंग्रजीत अनटिलच्या पोटात तो 'नाही' आधीच गेलेला आहे. डोन्ट घातला की अर्थ फिरतो. अनलेसचंही तेच. 'अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल.' अभ्यास केला नाहीस तर नापास होशील, असं म्हणायचं होतं. लिहून बसला, अभ्यास केलास तर नापास होशील.

सर : म्हणजे इथे नुसतं व्याकरण चुकत नाही, अर्थच उलटतो.

ताई : आणि वाचतानाही उलटतो, सर. आमच्याकडे पोरांचे बाप कपाशी, केळी करतात. घरात शिकलेलं कोण, तर हे आठवी-नववीतलं पोर. फवारणीच्या औषधाचा कागद तेच वाचून दाखवतं. समजा त्यावर लिहिलंय, 'डू नॉट एंटर द फील्ड अनटिल द स्प्रे हॅज ड्राइड.' फवारा वाळेपर्यंत शेतात जाऊ नका. पोर 'डू नॉट एंटर' वाचतं, 'स्प्रे हॅज ड्राइड' वाचतं, मधला अनटिल त्याला नुसता तोपर्यंतसारखा वाटतो, आणि 'नाही' नेमका कुठे लावायचा हे कळत नाही. सगळी अट त्या गौण वाक्यात आहे. मला या पोरांना हे यायला हवंय. दहावीचे दोन गुण गेले तरी चालतील.

सर : मग त्याला आधी हे कळायला हवं की वाक्य कुठून कुठवर आहे. त्यासाठी पृथक्करण लागतं.

ताई : कोष्टक?

सर : कोष्टक सोड. क्रियापद शोधायला शिकव. कर्ता असलेलं, काळ दाखवणारं क्रियापद जिथे आहे तिथे एक वाक्य, म्हणजे क्लॉज. बाकी सगळे शब्दसमूह. आपलं मराठी इथेही वेगळं वागतं. 'पाऊस पडल्यावर', 'शेतात राबणारा', 'घरी जाऊन', ही सगळी कृदन्तं. यांत काळ नाही, म्हणून ही वाक्यं नाहीत. आपण कृदन्तावर भागवतो तिथे इंग्रजीला पुष्कळदा पूर्ण क्लॉज लागतो: 'व्हेन इट रेन्स', 'हू वर्क्स इन द फील्ड'. पोर कृदन्ताला कृदन्त शोधतं आणि 'आफ्टर कमिंग रेन' लिहितं.

ताई : 'आफ्टर कमिंग रेन'! हे तर प्रत्येक वहीत आहे.

सर : आणि दुसरी परीक्षा फार जुनी आहे. मीमांसकांची. जैमिनीने वाक्य कशाला म्हणावं ते सांगताना म्हटलंय की ज्या पदांचा मिळून एक अर्थ होतो आणि जी तोडली तर एकमेकांची वाट बघत राहतात, ते एक वाक्य. त्या वाट बघण्याला आकांक्षा म्हणतात. 'इफ यू कम टुमॉरो' एवढंच म्हणून गप्प बस. समोरचा काय म्हणेल?

ताई : म्हणेल, 'मग काय?'

सर : तीच आकांक्षा. 'आय विल वेट' म्हण. कोणी मग काय विचारत नाही. जे वाक्य मागे प्रश्न ठेवतं ते डिपेंडंट, जे ठेवत नाही ते इंडिपेंडंट. व्याख्या इंग्रजीत पाठ करायची गरज नाही.

ताई : हे मी वर्गात करू शकते. एका बाकावरचा मुलगा अर्धं वाक्य म्हणेल, वर्गाला वाटलं अपुरं आहे तर वर्ग 'मग?' म्हणेल. लिहायच्या आधी कानाला कळेल.

सर : एवढ्यावर थांबू नकोस. स्वल्पविराम शिकवतेस का?

ताई : गौण वाक्य आधी आलं तर त्याच्यानंतर स्वल्पविराम, नंतर आलं तर बहुधा नाही. 'इफ इट रेन्स' नंतर आहे, 'वुई विल सो इफ इट रेन्स' यात नाही. आणि दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडायची नाहीत, अँड किंवा बट हवा. मराठीत आपण सर्रास जोडतो.

सर : हा झाला लिहिण्याचा शिष्टाचार. मी अर्थाचं बोलतोय. फळ्यावर लिही: 'द फार्मर्स हू सोल्ड देअर कॉटन अर्ली लॉस्ट मनी.' आता खाली तेच वाक्य लिही, पण फार्मर्सनंतर एक आणि अर्लीनंतर एक स्वल्पविराम दे.

ताई : पहिल्यात ज्यांनी कापूस लवकर विकला तेवढेच तोट्यात गेले. ज्यांनी घरात ठेवला ते वाचले. दुसऱ्यात सगळेच शेतकरी तोट्यात गेले, आणि सगळ्यांनीच लवकर विकला होता.

सर : दोन स्वल्पविरामांनी अख्खं गाव तोट्यात घातलं की नाही? मराठीत हे कसं सांगशील?

ताई : पहिलं, 'ज्या शेतकऱ्यांनी कापूस लवकर विकला ते तोट्यात गेले.' दुसरं... जो-तो लावून होत नाही. 'शेतकऱ्यांनी कापूस लवकर विकला आणि त्यात तोटा झाला.' दोन वाक्यं करावी लागतात.

सर : कारण आपला जो-तो निवड करतो. अनेकांतून ते कोणते, हे दाखवतो. नुसती जादा माहिती द्यायची तर तो अवघडतो. इंग्रजीचा हू दोन्ही कामं करतो आणि कोणतं काम चाललंय ते स्वल्पविराम सांगतो. हे मुलाला सांगितलं नाही, तर पुढे कॉलेजात, नोकरीत, कोर्टकचेरीच्या कागदात तो हूच्या वाक्याला नेहमी जो-तोच समजणार. नुसतं वाचून हा फरक किती जणांच्या लक्षात येईल? वर्षानुवर्षं वाचलं तरी स्वल्पविरामाकडे नजर जात नाही. इथे शिकवावंच लागतं बेटा, आणि नाव ठेवून शिकवावं लागतं.

ताई : हे मान्य आहे. इथे ऐकून भागणार नाही, कारण बोलताना तो स्वल्पविराम ऐकू येईलच असं नाही. पण हे नववी-दहावीचं काम आहे. सहावीत मला इफ कपाळावर लावायचाय, बस. आणि त्यासाठी मी जर-तरची जोडी शिकवणार नाही.

सर : मग जर गळतो हे कसं दाखवशील?

ताई : त्यांच्याच बोलण्यातून. अहिराणीवाल्याला म्हणेन, पेरणीचं सांग. तो 'पानी पडनं ते' म्हणेल. पावरीवाल्याला म्हणेन, तुझ्या घरी कसं म्हणतात ते सांग, आणि त्यातला कोणता शब्द काढला तरी चालतो ते तूच शोध. प्रत्येकाचं वाक्य फळ्यावर, खाली इंग्रजी. खूण कोणत्या बाजूला आहे तिथे खडूने गोल करायचा. पावरीत सांधा कुठे आहे ते मला त्यांच्याकडूनच शिकायचंय.

सर : तू तर म्हणत होतीस, दुसरी भाषा मध्ये नको.

ताई : पुस्तकी मराठी मध्ये नको म्हणत होते. ती माझ्या निम्म्या वर्गाची नाही. घरची भाषा कोणाचीही असो, ती आतच असते हे तुम्ही आज दाखवलंत, तर मग तिलाच उघड बोलवू. पण प्रधान, गौण, संकेतबोधक, हे शब्द मी सहावीत आणणार नाही.

सर : आणि आठवीत?

ताई : आठवीत प्रश्नपत्रिकेपुरते.

सर : प्रश्नपत्रिकेपुरते शिकवलेस तर ते प्रश्नपत्रिकेपुरतेच राहतील. त्या गोलाला तू सहावीत नाव दिलंस तर आठवीत तोच गोल लांब वाक्यात सापडेल. एका वाक्यात तीन गौण वाक्यं आली की बोटाने दाखवून भागत नाही, नावाने बोलवावं लागतं. 'व्हेन आय रीच्ड द व्हिलेज व्हेअर माय अंकल लिव्ह्ज, आय लर्न्ट दॅट ही हॅड लेफ्ट.' यात 'कोणता?' विचारलं तर मूल काय सांगेल?

ताई : सांगेल, गावाचं सांगणारा. गेल्याचं सांगणारा. पोचल्याचं सांगणारा.

सर : अगं, मग तू विशेषणवाक्य, नामवाक्य आणि क्रियाविशेषणवाक्यच सांगतेयस.

ताई : हो, पण पोराच्या शब्दांत. तुमचे शब्द त्याच्यावर नंतर चिकटवता येतील. आधी तुमचे शब्द दिले तर तो गावाकडे बघणारच नाही, कोष्टकाकडे बघेल.

सर : वाक्य लिहून ठेव. गुरुवारी मी येतो तुझ्या शाळेत. तू तुझ्या रीतीने सहावी घे, मी आठवीला हेच वाक्य माझ्या रीतीने घेतो. मग दोन्ही वर्गांच्या वह्या बघू.

ताई : या. आणि आठवीला आधी अनटिल घ्या, सर. फवारणी सुरू झाली आहे.